प्रूफ की मिंट सेट? नांदेडच्या नाण्याने घातलेलं कोडं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जे पाल्हाळ लागलं होतं, ते थोडं छाटलंय. सगळं नाही.

तुमच्या घरात नव्वदीच्या आसपासचं कुणी असेल, तर त्यांना एकदा ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे दोन शब्द विचारून बघा. नांदेड काय किंवा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेलं लातूर काय, दोन्ही निजामाच्या राज्यात. बाजारात निजामाचा रुपया चालायचा, तो हाली सिक्का. इंग्रजांचा रुपया म्हणजे कलदार. दोन्ही चांदीचे, दोन्ही गोल, आकारही जवळपास सारखा. पण हिशेब होता सात हालीला सहा कलदार. का? कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के. चारमिनारचं चित्र असलेला हाली रुपया साधारण ११.१८ ग्रॅमचा, चांदी ८१.८ टक्के. मोबाइलवर गुणाकार करा. एकात १०.६९ ग्रॅम चांदी निघते, दुसऱ्यात ९.१४. बरोबर सहा-सातचं प्रमाण!

सांगायचं काय, तर सारख्या दिसणाऱ्या दोन नाण्यांतला फरक ओळखणं हे आपल्याकडे शौकिनांचं खूळ नव्हतं. सीमेपलीकडे, म्हणजे सोलापूरला वगैरे माल न्यायचा तर ते आलंच पाहिजे. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, तरी हाली चलन पूर्ण रद्द व्हायला १९५९ उजाडलं. तोवर इथल्या माणसाच्या खिशात दोन सरकारांचे पैसे एकत्र खुळखुळत होते.

आता २००८ मध्ये येऊ. ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला, गोदावरीकाठी, आपल्यानंतर गुरुगादी ग्रंथसाहिबाकडे सोपवली. त्याला तीनशे वर्षं झाली म्हणून भारत सरकारने ‘गुर-ता-गद्दी’ची स्मारक नाणी काढली. त्यात शंभर रुपयांचंही आहे. नांदेडसाठी ते शोभतंच. कारण याच गोदाकाठी डेरा टाकून राहिलेला माधोदास बैरागी गुरूंना भेटला, बंदासिंग झाला, पंजाबात गेला आणि पुढच्या काही वर्षांत त्याने गुरूंच्या नावाने नाणी पाडली. शिखांच्या नाण्यांची सुरुवात शोधत गेलात तर वाट नांदेडवरून जाते. हे आपल्या शाळेत कुणी शिकवत नाही, असो.

तर याच शंभर रुपयांच्या नाण्याचा फोटो मला लातूरच्या एका श्रोत्याने पाठवला. मखमली डबी, आत चकचकीत नाणं. ‘दादा, विकणारा प्रूफ आहे म्हणतो आणि साध्याच्या तिप्पट मागतो. आजोबांना द्यायचंय, ते त्या सोहळ्यात सेवेला होते. पहिला पगार झालाय. घेऊ का?’

इथे थांबून शब्द नीट लावून घेऊ. लग्नपत्रिका छापायला दिली की छापखानेवाला आधी प्रूफ दाखवतो ना? नाण्याचंही मुळात तेच. ठसा नीट उठतोय का हे बघायला काळजीपूर्वक काढलेली नमुन्याची नाणी म्हणजे प्रूफ. ती इतकी देखणी निघायची, की पुढे लोकांना विकायला मुद्दाम तशी पाडू लागले. कोरी चकती आधी घासून-पुसून गुळगुळीत करतात. ठसा आरशासारखा करतात आणि त्यातली चित्राची खोलगट जागा तेवढी खरखरीत ठेवतात. मग हळू, जास्त दाबाने, एकाहून अधिक वेळा ठोकतात. म्हणून मोकळी जागा आरशासारखी आणि चित्र दुधाळ, धुक्यासारखं दिसतं.

मिंट सेट, म्हणजे आपल्याकडे ज्याला यूएनसी सेट म्हणतात, त्यात साधी ठोक असते. एकदाच, भरभर, नेहमीच्या यंत्रावर. फक्त ते नाणं कुणाच्या हाताला, गल्ल्याला लागायच्या आत पाकिटात गेलेलं असतं. म्हणजे प्रूफ हा नाण्याच्या ‘चांगलेपणाचा’ दर्जा नाहीच, ती बनवायची रीत आहे. प्रूफ नाणं खिशात वापरून झिजवलं तर ते झिजलेलं प्रूफ होईल, यूएनसी होणार नाही. आणि यूएनसी कितीही घासलं तरी प्रूफ होणार नाही. फसवणूक नेमकी इथेच होते. तांब्याला चिंच लावावी तसं यूएनसी नाण्याला पॉलिश मारतात, प्रूफच्या रिकाम्या डबीत बसवतात आणि भाव तिप्पट.

त्या श्रोत्याला मी म्हटलं, फोटो नको, व्हिडिओ माग. नाणं दिव्याखाली सावकाश कलतं करायला सांग. यूएनसी नाण्यावर उजेड सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो, कारण ठोकताना धातू मधून कडेकडे पसरतो आणि त्याच्या बारीक रेषा राहतात. प्रूफमध्ये आरा फिरत नाही. मोकळी जागा एका कोनात काळीकुट्ट आणि दुसऱ्या कोनात पांढरी होते. अक्षरांच्या कडा चाकूने कापल्यासारख्या उभ्या असतात. पॉलिश मारलेल्या नाण्यात यातलं काहीच धड नसतं. चकाकी सगळीकडे सारखी, चित्रावरसुद्धा. अक्षरांच्या कडा मऊ. साध्या भिंगातून पाहिलं तर एका दिशेने गेलेले बारीक ओरखडे आणि अक्षरांच्या बेचक्यात अडकलेला मळ, कारण तिथे कापड पोचत नाही.

व्हिडिओ आला. धुकं नव्हतंच, गुरुद्वाराही आरशासारखाच चमकत होता. त्याने घेतलं नाही. नंतर दुसरीकडून, न घासलेलं, साधं यूएनसी घेतलं आणि माझ्या मते तेच बरं केलं. त्या काळातली शंभर रुपयांची स्मारक नाणी ३५ ग्रॅमची, निम्मी चांदीची असायची. यूएनसी असलं म्हणून ते काही कमअस्सल ठरत नाही.

नाण्यावरची खूण बघायची सवयही लावा. वर्षाखाली चौकट म्हणजे मुंबई टाकसाळ, पाच टोकांची चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. आपल्याकडच्या गल्ल्यात चांदणी भरपूर सापडेल. ती हैदराबादची टाकसाळ मुळात निजामाची, हाली रुपये पाडणारी, पुढे भारत सरकारकडे आली. आणि एक खास गोष्ट. मुंबईने प्रूफ नाण्यांवर चौकटीऐवजी इंग्रजी अक्षर टाकलं. १९६९ च्या गांधी शताब्दीच्या नाण्यांपासून ‘बी’, आणि १९९६ पासून ‘एम’. म्हणजे मुंबईच्या नाण्यावर चौकट दिसत असेल आणि विकणारा प्रूफ म्हणत असेल, तर हसून फोन ठेवा. कोलकात्याच्या नाण्याला मात्र ही युक्ती लागू नाही, तिथे आरसा आणि धुकंच बघायचं.

१९६९ च्या आधीचं प्रूफ कुणी दाखवलं तर आणखी सावध. स्वतंत्र भारताचा १९५० चा सात नाण्यांचा प्रूफ सेट खरा आहे आणि दुर्मीळ आहे. पण इंग्रजांच्या काळापासून १९७० च्या सुमारापर्यंत आपल्या टाकसाळी शौकिनांना जुन्या ठशांवरून नव्याने नाणी पाडून देत. नाण्यावर साल जुनं, नाणं मात्र कितीतरी नंतरचं. ते बनावट म्हणता येत नाही, कारण टाकसाळ खरी आणि ठसाही खरा. पण मूळचं म्हणून विकणं ही लबाडीच. अशा वेळी भिंग पुरत नाही, जाणकाराला दाखवावं लागतं.

राहिली गोष्ट सांभाळायची. घरी सेट असेल तर उघडून नाण्यावर बोट लावू नका, प्रूफवर ठसा उमटतो आणि काही वर्षांनी तो तपकिरी डाग होऊन बसतो. कड धरूनच उचला. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेली नाणी हिरवट, चिकट होतात. त्यांना कडक, पारदर्शक डबीत हलवा. आणि दिवाळीच्या साफसफाईत आईच्या हाती पितांबरी असते तेव्हा नाण्यांची पेटी कपाटात वरच्या फळीवर असू द्या.

तुमच्या घरी हालीचा रुपया निघाला तर दोन्ही बाजूंचा व्हिडिओ पाठवा. न घासता.