हनुसंधी विकार : चिकित्सेचा इतिहास

खालच्या जबड्याचे हाड (अधोहन्वस्थी) दोन्ही कानांच्या लगेच पुढे ज्या सांध्यांनी कवटीच्या शंखास्थींशी जोडलेले असते, त्यांस हनुसंधी म्हणतात. प्रत्येक सांध्यातील दोन हाडांमध्ये तंतुमय चकती असते. तोंड उघडताना जबड्याच्या हाडाचा गोलसर माथा प्रथम जागच्या जागी फिरतो व नंतर चकतीसह पुढे सरकतो. सांधा किंवा त्याभोवतालचे चर्वणस्नायू बिघडल्यास वेदना, चावताना आवाज होणे, तोंड पूर्ण न उघडणे वा जबडा अडकणे ही लक्षणे दिसतात.

प्राचीन वैद्यांना यांपैकी जबडा निखळणे हा विकार चांगला परिचित होता. इ. स. पू. सतराव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या ‘एडविन स्मिथ पपायरस’ या ईजिप्शियन हस्तलिखितात अंगठे रुग्णाच्या तोंडात व इतर बोटे हनुवटीखाली ठेवून जबडा मागे बसविण्याची कृती आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या प्रकरणी, उघडे राहिलेले तोंड मिटविण्यासाठी जबड्यास शेक देऊन तो अंगठ्यांनी दाबावा व तर्जनींनी हनुवटी उचलावी, असे सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत सांधा बसविल्यावर ‘पंचांगी’ नावाचा बंध बांधण्यास सांगितले आहे. आधुनिक रुग्णालयातील कृतीही तत्त्वतः हीच होय.

निखळलेला जबडा डोळ्यांना दिसतो; जागेवर असूनही दुखणारा जबडा मात्र तसा दिसत नाही, आणि खरा वाद त्याच्याचविषयी झाला. एडिंबरो येथील शल्यचिकित्सक टॉमस ॲनंडेल यांनी १८८७ मध्ये सरकलेली चकती टाके घालून जागी बसविल्याचे प्रसिद्ध केले. तथापि या विषयाला वळण दिले ते सेंट लूइस येथील कान-नाक-घसातज्ञ जेम्स ब्रे कॉस्टेन यांनी. १९३४ मध्ये त्यांनी अकरा रुग्णांच्या आधारे असे प्रतिपादन केले की, मागचे दात पडल्याने जबडा अधिक मिटतो, त्याचा माथा मागे दबतो आणि त्यातून कानदुखी, कानात नाद, चक्कर व डोकेदुखी उद्‌भवते. शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरी सिकर यांनी हे स्पष्टीकरण रचनेशी जुळत नसल्याचे दाखविले. पण तोवर हा विकार दंतवैद्यांकडे गेला होता आणि दातांची ठेवण हेच मूळ कारण मानून दात घासून सपाट करणे वा त्यांची उंची वाढविणे हा उपचार रूढ झाला होता.

न्यूयॉर्कचे लास्लो श्वार्ट्‌झ यांनी १९५० च्या दशकात दातांऐवजी स्नायूंकडे लक्ष वेधले. शिकागोचे डॅनियल लास्किन यांनी १९६९ मध्ये मानसिक ताण, दात आवळणे व स्नायूंचा थकवा यांवर भर दिला. त्यांच्या सहकाऱ्यांसह १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग विशेष बोलका आहे. पंचवीस रुग्णांचे दात घासल्याचा केवळ आभास निर्माण करण्यात आला. तरी सोळा जणांनी त्रास पूर्णपणे वा जवळजवळ नाहीसा झाल्याचे सांगितले. घासलेले दात मात्र पुन्हा वाढत नाहीत. पूर्वीच्या कित्येक रुग्णांचे निरोगी दात अकारण झिजविले गेले असावेत, हा निष्कर्ष टाळणे कठीण आहे.

शस्त्रक्रियेतही असाच उतावीळपणा झाला. अमेरिकेत १९८० च्या दशकात काढून टाकलेल्या चकतीच्या जागी प्रोप्लास्ट-टेफ्लॉनची रोपणे बसविण्यात आली. त्यांचे कण सुटून भोवतालचे हाड झिजू लागले. १९९० च्या शेवटी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला व नंतर ती रोपणे मागे घेतली गेली. अनेक रुग्णांचे दुखणे मूळ व्याधीहून भयंकर झाले. सांध्यात सुया घालून तो द्रवाने धुण्याची सौम्य पद्धत १९९१ मध्ये पुढे आली.

निदानाचे समान संशोधन-निकष १९९२ मध्ये मांडले गेले व २०१४ मध्ये सुधारून प्रसिद्ध झाले. परत फिरविता येणारे उपचार प्रथम करावेत, असे आता सर्वसाधारणपणे मानले जाते : मऊ आहार, शेक, जबड्याचे व्यायाम, अल्पकाळ वेदनाशामके, आणि गरज पडल्यास रात्री दातांवर बसविण्याची काढघाल करता येणारी पट्टी. वेदनारहित आवाजास बहुधा उपचार लागत नाही. पहिल्याच भेटीत दात घासण्याचा वा अनेक दातांवर टोप्या बसविण्याचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या तज्ञाचे मत घ्यावे.

महाराष्ट्रात तोंड कमी उघडणाऱ्या रुग्णाची तपासणी करताना सुपारी वा गुटखा खाण्याची सवय आवर्जून विचारावी लागते. सुपारीमुळे गालांच्या आतील ऊतक कठीण होऊन जबडा आखडतो. सांधा मात्र निर्दोष असू शकतो. या व्याधीतून पुढे कर्करोग उद्‌भवण्याचा धोका असल्याने तिला सांध्याचे दुखणे समजून शेक घेत बसणे घातक ठरते.