सन व्हायझरयुक्त हेल्मेट

सन व्हायझरयुक्त हेल्मेट हे दुचाकीस्वारांसाठीचे एक प्रकारचे शिरस्त्राण आहे. यात चेहऱ्यासमोरील पारदर्शक काचेच्या आतल्या बाजूस गडद छटेची दुसरी काच बसविलेली असते. हेल्मेटच्या कडेला, खालच्या काठाला किंवा माथ्यावर असलेल्या सरकत्या खटक्याने ही काच डोळ्यांसमोर आणता येते किंवा कपाळामागील पोकळीत परत नेता येते. बोलीभाषेत तिला 'काळी काच' असेही म्हणतात. प्रत्यक्षात दोन्ही काचा बहुधा पॉलिकार्बोनेट या टणक प्लॅस्टिकच्या असतात.

सन व्हायझर डोळ्यांना उन्हाच्या तिरिपीपासून वाचवतो; अपघातात डोके वाचविण्याशी त्याचा थेट संबंध नसतो. ते काम बाह्य कवच, आतील धक्काशोषक थर आणि हनुवटीचा पट्टा करतात. म्हणून हेल्मेट निवडताना मानक चिन्ह आणि अचूक माप या बाबी आधी तपासल्या जातात व सन व्हायझरचा विचार त्यानंतर केला जातो.

रचना

पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटचे पुढील प्रमुख भाग असतात:

बाह्य कवच – एबीएस प्लॅस्टिक, पॉलिकार्बोनेट, फायबरग्लास किंवा कार्बन तंतूंपासून बनविलेले असते. ते आघात मोठ्या पृष्ठभागावर पसरवते व टोकदार वस्तूंना आत शिरू देत नाही.
धक्काशोषक थर – थर्मोकोलसारख्या दिसणाऱ्या, परंतु ठरावीक घनतेच्या पॉलिस्टायरिनचा असतो. आघाताच्या वेळी तो चिरडला जातो आणि डोक्याची गती एकदम न थांबता किंचित अधिक काळात कमी होते. एकदा चिरडलेला थर पूर्ववत होत नाही, त्यामुळे जोराचा आघात झालेले हेल्मेट बदलावे लागते.
अस्तर – गालांजवळील गाद्यांसह हेल्मेट डोक्यावर घट्ट बसविते.
हनुवटीचा पट्टा – अपघातात हेल्मेट डोक्यावरून निघू देत नाही.
बाहेरील काच – वारा, धूळ, पाऊस व किडे यांपासून डोळ्यांचे रक्षण करते.
आतील सन व्हायझर – बाहेरील काच व चेहरा यांच्या मधल्या जागेत खाली उतरतो.

सन व्हायझर वर सरकविल्यावर तो सामावण्यासाठी कपाळाच्या भागात पोकळी ठेवावी लागते. काही उत्पादक त्यासाठी कवचाचा आकार वाढवितात, तर काही रचनांमध्ये त्या ठिकाणी धक्काशोषक थराची जाडी कमी होते. शर्यतीसाठीच्या हेल्मेटमध्ये आतील सन व्हायझर सहसा नसतो, त्याचे हेही एक कारण आहे.

इतिहास

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या नावाने प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स यांचा मे १९३५ मध्ये मोटारसायकल अपघातात डोक्याला झालेल्या दुखापतीमुळे मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी मेंदुशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला. सैन्यातील निरोप्यांविषयीचे त्यांचे निष्कर्ष १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत सी. एफ. लोम्बार्ड यांना १९५३ मध्ये ऊर्जाशोषक थर असलेल्या हेल्मेटचे पेटंट मिळाले. आजच्या हेल्मेटची मूळ कल्पना हीच आहे. पूर्ण चेहरा झाकणारी हेल्मेट १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली. चेहऱ्यासमोर काच आल्यावर उन्हासाठी आधी गडद छटेच्या बदली काचा आणि नंतर आत सरकणारे सन व्हायझर असे पर्याय निर्माण झाले.

भारतात फरिदाबादची स्टड्स, दिल्लीत सुरू झालेली स्टीलबर्ड आणि बेळगावची व्हेगा या हेल्मेटच्या परिचित उत्पादक कंपन्या आहेत.

काचेची गडदता

काचेतून किती टक्के प्रकाश पार होतो, यावरून तिची गडदता मोजली जाते. उन्हाच्या चष्म्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात काचांचे ० ते ४ असे वर्ग केलेले आहेत. वर्ग ३ मधील काच ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते. वर्ग ४ मधील काच ३ ते ८ टक्केच प्रकाश सोडते आणि वाहन चालविताना वापरण्यास अयोग्य मानली जाते.

दोन काचा एकामागे एक असल्यास त्यांचा परिणाम गुणाकाराने ठरतो. बाहेरील काच ८० टक्के आणि सन व्हायझर २० टक्के प्रकाश सोडत असेल, तर डोळ्यांपर्यंत १६ टक्के प्रकाश पोहोचतो. बाहेरील काचही गडद, म्हणजे ५० टक्के प्रकाश सोडणारी असेल, तर हे प्रमाण १० टक्क्यांवर येते. त्यावर गॉगल घातल्यास दृश्यमानता धोकादायक पातळीपर्यंत घटते. त्यामुळे सन व्हायझर असलेल्या हेल्मेटची बाहेरील काच रंगहीन असणे योग्य ठरते.

गडदपणा आणि अतिनील किरणांपासूनचे संरक्षण या दोन वेगळ्या बाबी आहेत. पॉलिकार्बोनेट रंगहीन असले तरी बहुतांश अतिनील किरणे अडवते. याउलट, अतिनील किरणे न अडविणाऱ्या हलक्या प्रतीच्या गडद काचेमागे डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात व अधिक किरणे आत जाऊ शकतात.

मराठवाड्यातील परिस्थिती

परभणी जिल्ह्यात मे महिन्यात कमाल तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. जिंतूर तालुक्यातील येलदरी येथे पूर्णा नदीवर धरण असून येलदरी, जिंतूर व परभणी यांदरम्यानच्या प्रवासासाठी दुचाकी हे नेहमीचे वाहन आहे. येलदरी–जिंतूर आणि जिंतूर–परभणी या रस्त्यांची सर्वसाधारण दिशा उत्तर-दक्षिण आहे, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचे ऊन प्रामुख्याने बाजूने येते. जिंतूर–औंढा नागनाथ रस्ता मात्र साधारणपणे पूर्व-पश्चिम जातो. सकाळी औंढ्याकडे निघून संध्याकाळी जिंतूरकडे परतणाऱ्यास दोन्ही वेळा सूर्य समोर येतो. २१ मार्च व २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य ठीक पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो. एरवी या अक्षांशावर तो त्या दिशांपासून जास्तीत जास्त सुमारे २५ अंश सरकतो. क्षितिजालगतच्या अशा सूर्यासमोर सन व्हायझरचा सर्वाधिक उपयोग होतो.

त्याच प्रवासात सन व्हायझरचा धोकाही दिसून येतो. सूर्य मावळताच उजेड झपाट्याने कमी होतो. याच वेळी रस्त्यावर मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या, उसाच्या व कापसाच्या ट्रॉली आणि घरी परतणारी जनावरे असतात. काळी काच खाली राहिल्यास त्या उशिरा दिसतात. उन्हातून दाट झाडीच्या सावलीत किंवा बोगद्यात शिरतानाही असेच घडते, कारण डोळ्यांना अंधाराशी पूर्णपणे जुळवून घेण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. गडद बाहेरील काचेपेक्षा आतील सन व्हायझर सोयीचा मानला जातो, तो अशा वेळी एका हालचालीत वर करता येतो म्हणून.

उन्हाळ्यात डोक्याला रुमाल किंवा दस्ती बांधून त्यावर हेल्मेट घालण्याची पद्धत या भागात आहे. जाड कापडामुळे हेल्मेटचे माप बदलते. कापड बांधून मोठ्या मापाचे हेल्मेट घेतले आणि नंतर ते कापडाविना वापरले, तर ते सैल पडते. घामासाठी पातळ सुती टोपी अधिक योग्य असते.

मानके आणि कायदा

भारतात दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसाठी आयएस ४१५१ हे मानक आहे. केंद्र सरकारच्या २०२० मधील गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह असलेल्या हेल्मेटचेच उत्पादन व विक्री करता येते. चिन्हासोबत मानकाचा क्रमांक आणि 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपवर पडताळता येतो. युरोपात ईसीई २२ आणि अमेरिकेत डॉट ही मानके प्रचलित आहेत. केवळ 'डॉट' असे लिहिलेल्या चिकटपट्टीमुळे भारतातील अट पूर्ण होत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील दुचाकीचालक व सहप्रवासी यांना हेल्मेट बंधनकारक असून पगडी घालणाऱ्या शीख व्यक्तींना सूट आहे. हेल्मेट पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेले असणे हा व्याख्येचाच भाग आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ड मध्ये १,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवान्याच्या अपात्रतेची तरतूद आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठीचा हेल्मेटचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला.

महाराष्ट्रात हेल्मेटसक्ती अनेकदा वादाचा विषय ठरली आहे. २०१६ मध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नसल्यास पेट्रोल न देण्याचा निर्णय जाहीर केला होता; विरोधानंतर तो शिथिल करण्यात आला. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी कठोर अंमलबजावणी सुरू केल्यावर आंदोलने झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यात सहप्रवाशांच्या हेल्मेटबाबतही कारवाईचे निर्देश देण्यात आले.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ व्यक्ती रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडल्या. त्यांत ३५,६९२ चालक आणि १४,३३७ सहप्रवासी होते. २००८ मधील कोक्रेन आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

निवड

सन व्हायझरयुक्त हेल्मेट निवडताना पुढील बाबी तपासल्या जातात:

माप – भुवयांच्या किंचित वर आणि कानांच्या वरून डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजतात. पट्टा बांधून हेल्मेट हलविल्यास गालांची त्वचाही सोबत हलावी आणि मागून उचलल्यास ते निघू नये.
उघडझाप – खटका हातमोजा घालूनही सापडायला हवा. उजवा हात ॲक्सिलरेटरवर असल्याने तो डाव्या बाजूला असणे सोयीचे असते. वर केलेली काच धक्क्याने आपोआप खाली येता कामा नये.
नाक व चष्मा – खाली आणलेली काच नाकाला किंवा चष्म्याला टेकू नये. चष्मा वापरणाऱ्यांनी तो घालूनच हेल्मेट पाहावे.
काचेचा काठ – काठ नजरेच्या मधोमध आल्यास रस्ता अर्धा गडद व अर्धा उजळ दिसतो.
स्पष्टता – काचेतून सरळ रेषा वाकड्या दिसू नयेत आणि सिग्नलचे रंग ओळखू यावेत.
सुटे भाग – दोन्ही काचा वेगळ्या विकत मिळतात का, हे पाहावे लागते.

देखभाल

काळ्या मातीची धूळ कोरड्या कापडाने पुसल्यास काचेवर चरे पडतात. रात्री समोरच्या वाहनाचा प्रकाश या चऱ्यांवर विखुरतो व रस्ता दिसेनासा होतो. त्यामुळे काच आधी पाण्याने भिजवून सौम्य साबणाने धुतात आणि मऊ कापडाने टिपतात. पेट्रोल, थिनर व ॲसिटोन यांमुळे पॉलिकार्बोनेटला तडे जातात. चरे पडलेली काच बदलणे हाच उपाय असतो. गाडीच्या आरशावर हेल्मेट अडकवून ठेवल्यास आतील थर दबतो.

स्नोमोबाईलसाठीची हेल्मेट

बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाईलच्या हेल्मेटमध्येही गडद आतील काच आढळते. ताजा बर्फ बहुतांश प्रकाश परावर्तित करीत असल्याने तेथे ऊन खालूनही डोळ्यांवर येते. थंडीत श्वासातील बाष्पाने काच धुरकट होऊ नये, म्हणून बाहेरील काच दुहेरी किंवा विजेने तापणारी असते आणि श्वास खाली वळविणारा मुखपट्टा दिलेला असतो. भारतात स्नोमोबाईलची सफर प्रामुख्याने गुलमर्गसारख्या हिमालयातील पर्यटनस्थळी करता येते. महाराष्ट्रात काच धुरकटण्याचा प्रश्न मुख्यतः पावसाळ्यात येतो व त्यासाठी बाहेरील काचेवर आतून बाष्परोधक पटल लावले जाते.

हे सुद्धा पहा

मोटार वाहन कायदा, १९८८
भारतीय मानक ब्युरो
येलदरी धरण
जिंतूर तालुका