तुटपुंजे भांडवल आणि तुकड्यांतले भय

भयपटांचा इतिहास लिहिताना अनेक लघुकथा एका चौकटीत गुंफणाऱ्या चित्रपटांना बहुधा तळटीपेत जागा मिळते. टीकाकारांचा एक वर्ग त्यांना स्वस्त करमणूक म्हणून बाजूला सारतो, तर दुसरा वर्ग त्यांच्या स्वस्तपणाचेच कौतुक करतो. आमच्या मते या दोन्ही भूमिका सोयीच्या आहेत. गरिबी हा कलाकृतीचा गुण नव्हे आणि दोषही नव्हे. त्या गरिबीतून कोणते रूप घडले, त्या रूपाने काय साधले आणि कुठे हात टेकले, हे पाहायला हवे.

चौकटकथा आपल्याला परकी नाही. वेताळपंचविशीत विक्रमाच्या खांद्यावरचे प्रेत एकामागून एक कथा सांगते. तिथे चौकट निव्वळ दोरा म्हणून येत नाही, कारण प्रत्येक कथेअखेरचा प्रश्न राजाच्या विवेकाची परीक्षा घेतो. चौकटीने कथांना असा अर्थ पुरवला पाहिजे, ही कसोटी चित्रपटांनाही लावता येते.

चित्रपटात हे रूप आणि पैशाची चणचण यांचे नाते जुने आहे. पाउल लेनी या जर्मन दिग्दर्शकाच्या 'वॅक्सवर्क्स' (१९२४) मध्ये मेणाच्या पुतळ्यांच्या कथा आहेत. चौथ्या पुतळ्याची, रिनाल्डो रिनाल्डिनी या दरोडेखोराची कथाही योजलेली होती. पण पैसे संपले आणि ती चित्रित झालीच नाही. पुतळा मात्र पडद्यावर तसाच उभा राहिला. कादंबरीतले एक प्रकरण गळले तर कथानक लंगडते. इथे एक अख्खी कथा गळूनही चित्रपट उभा राहतो. निर्मात्यांना हे रूप का भावले असेल, याचे उत्तर त्या मुक्या पुतळ्यात आहे.

पण ही लवचीकता दुधारी असते. ब्रिटनमधील ईलिंग स्टुडिओच्या 'डेड ऑफ नाइट' (१९४५) या चित्रपटाचे चार दिग्दर्शक होते. एक वास्तुविशारद एका घरी येतो आणि तिथली सारी माणसे आपण स्वप्नात पाहिली आहेत असे सांगतो. मग प्रत्येक जण आपला अनुभव कथन करतो. अमेरिकेत प्रदर्शित करताना यातल्या दोन कथा कापण्यात आल्या. गोल्फ खेळणाऱ्यांची विनोदी कथा गेल्याचे दुःख कोणी करू नये. परंतु शेवटच्या दुःस्वप्नात सर्व कथांमधले धागे एकत्र येतात, आणि ज्यांनी मूळ कथाच पाहिल्या नाहीत त्यांना ते कोडे उलगडणार कसे? चौकट जितकी समर्थ, तितके तुकडे सुटे करणे अवघड.

याच चित्रपटाचा आदर्श समोर ठेवून मिल्टन सुबोत्स्की याने आपला भागीदार मॅक्स रोझेनबर्ग याच्यासह 'अमिकस' या संस्थेद्वारे १९६५ ते १९७४ या काळात असे सात चित्रपट काढले. दोघेही अमेरिकन, पण निर्मिती इंग्लंडमध्ये. त्यांचे अर्थशास्त्र साधे होते. एका कथेसाठी नामवंत नटाचे मोजकेच दिवस लागत, आणि त्यामुळे संपूर्ण चित्रपटासाठी न परवडणारी पाच-सहा मोठी नावे एका जाहिरातपत्रकावर झळकत. 'डॉक्टर टेरर्स हाऊस ऑफ हॉरर्स' (१९६५) मध्ये आगगाडीच्या डब्यात पीटर कुशिंग पाच प्रवाशांचे भविष्य पत्त्यांवरून सांगतो. एक डबा, सहा माणसे, एक पत्त्यांचा जोड. यापेक्षा स्वस्त चौकट कोणती असणार?

'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' (१९७२) मध्ये या काटकसरीचे उत्तम फळ दिसते. कथा अमेरिकेतील ईसी या प्रकाशनाच्या चित्रकथांमधून घेतलेल्या होत्या. त्या मासिकांवर १९५४ मध्ये सिनेटच्या समितीपुढे चर्चा झाली आणि पुढे आलेल्या आचारसंहितेने त्यांचा अंत केला. यातल्या एका कथेत अंधांच्या वसतिगृहाचा निर्दय अधीक्षक एका अरुंद बोळात अडकतो, आणि त्या बोळाच्या भिंतींवर दाढीची पाती बसवलेली असतात. लाकडी फळ्या, पाती, शेवटी मालवणारा दिवा. लाखो रुपयांची करामत जे करू शकत नाही ते इथे सुतारकामाने साधले आहे.

त्याच चित्रपटात कुशिंगने ग्रिम्सडाइक हा म्हातारा, प्रेमळ सफाई कामगार उभा केला. श्रीमंत शेजारी त्याचे कुत्रे हिरावून घेतात, नोकरी घालवतात, आणि प्रेमदिनाच्या दिवशी विषारी पत्रे पाठवून त्याला गळफास घ्यायला लावतात. कुशिंगची पत्नी हेलन जानेवारी १९७१ मध्ये वारली होती. मृत पत्नीशी बोलणारा हा म्हातारा पाहताना ते आठवल्यावाचून राहत नाही. लघुकथेला पात्र खुलवायला अवकाश नसतो, ही तक्रार इथे गप्प होते.

आता दोष. शेवटच्या क्षणी कलाटणी द्यायचीच, या सवयीने कथा यांत्रिक होतात. पाप केले, शिक्षा झाली. प्रेक्षक दुसऱ्या कथेपासूनच हिशेब मांडू लागतो. सगळी पात्रे आधीच मेलेली आहेत, हा शेवट 'डॉक्टर टेरर'मध्ये चकित करतो. तोच 'क्रिप्ट'मध्ये आणि 'द व्हॉल्ट ऑफ हॉरर' (१९७३) मध्ये पुन्हा आल्यावर भीती उरत नाही, फक्त ओळख पटते.

आम्हा भारतीय प्रेक्षकांना 'व्हॉल्ट'मधील एक कथा विशेष खटकते. एक युरोपीय जादूगार आणि त्याची पत्नी भारतात नवा खेळ शोधायला येतात. बासरीच्या सुरावर दोर उभा करणाऱ्या मुलीला ते ठार मारतात आणि तो दोरच त्यांचा सूड घेतो. लुटारूंना शासन होते, म्हणून कथेची सहानुभूती योग्य बाजूला आहे असे म्हणता येईल. परंतु हा भारत म्हणजे बाजार, फकीर आणि टोपली. पंधरा-वीस मिनिटांत एक देश दाखवायचा तर निर्माता ठरीव साच्यांकडे वळतो, आणि पैशाची टंचाई इथे कल्पनेची टंचाई होते. पैसे कमी होते ही सबब या ठिकाणी आम्ही मान्य करणार नाही. चांगल्या निरीक्षणाला भांडवल लागत नाही.

चौकटीच्या कसोटीवर आमच्या मते 'फ्रॉम बियाँड द ग्रेव्ह' (१९७४) सर्वांत सरस ठरतो. जुन्या वस्तूंच्या दुकानात कुशिंग बसलेला आहे. जे गिऱ्हाईक त्याला फसवते त्याचा घात होतो. एक तरुण मात्र पूर्ण किंमत मोजतो आणि जिवावरच्या संकटातून वाचतो. इथे शिक्षा अटळ नाही, म्हणूनच भीती खरी आहे. विक्रमाच्या उत्तराप्रमाणे माणसाच्या वागण्यावर काहीतरी अवलंबून आहे.

पुढे हे रूप थांबले नाही. आपल्याकडे प्रवाल रमण यांच्या 'डरना मना है' (२००३) मध्ये जंगलात अडकलेले मित्र एकमेकांना सहा कथा सांगतात. 'द एबीसीज ऑफ डेथ' (२०१२) मध्ये सव्वीस अक्षरांच्या सव्वीस कथा आहेत, प्रत्येकीसाठी पाच हजार डॉलर. त्यात वर्णमाला हीच चौकट. तिला ना वेताळ, ना दुकानदार. प्रश्न विचारणारे कोणीच नाही. साहजिकच काही तुकडे लक्षात राहतात, संग्रह राहत नाही.

तेव्हा यापुढे अशा चित्रपटांविषयी लिहिताना 'कमी पैशांत बरे केले' हे मोघम प्रशस्तिपत्र टीकाकारांनी बंद करावे, एवढीच आमची अपेक्षा आहे. पाती लावलेला बोळ आणि टोपलीतला भारत, दोन्ही एकाच तुटपुंज्या तिजोरीतून आले. त्यांतला फरक सांगणे हेच समीक्षेचे काम.