‘मुका मार’ : एका रोगसंज्ञेच्या इतिहासाच्या निमित्ताने

फ्रीडरिश हॉप्फ यांनी १८२८ साली आपल्या जर्मन प्रबंधात ‘हीमोफिलिया’ ही संज्ञा योजिली. ग्रीक व्युत्पत्तीनुसार तिचा अर्थ ‘रक्तप्रीती’. त्यावरून रोगाचे स्वरूप कळत नाही. भंडारा जिल्ह्यातील चिखल्यासारख्या मँगनीज-खाणीच्या गावी धोंडा लागून रक्त न येता झालेल्या इजेस आपण ‘मुका मार’ म्हणतो. हा शब्द येथे अधिक उद्बोधक आहे. रक्त गोठविणारा आठवा किंवा नववा घटक न्यून असल्यास त्वचा अभंग राहूनही रक्त आत साठते. वारंवार सांध्यात साठल्यास सांधा निकामी होतो, मेंदूत साठल्यास प्राणावर बेतते. गोठवून सावकाश वितळविलेल्या रक्तद्रवातून आठवा घटक मिळविण्याची सुलभ रीत जूडिथ पूल यांनी १९६४ मध्ये दाखविली. तथापि अशा रुग्णाच्या डोक्यास लागलेला मुका मार घरच्यांनी किरकोळ मानिला, तर उपाय असूनही वेळ निघून जाते.