कार्पल टनेलवर शॉकवेव्ह थेरपी: मशिन नेमकं काय करतं आणि पैसे भरण्याआधी काय विचारायचं?

शॉकवेव्ह थेरपीतला 'शॉक' विजेचा नाही, हे आधी सांगून टाकतो. मशिन भिंतीतल्या प्लगला जोडलेलं असतं, पण तुमच्या हातात करंट सोडत नाही. शॉकवेव्ह म्हणजे दाबाची लाट. आवाजाच्याच जातीची, पण खूप जोरकस आणि अगदी क्षणभराची. फटाका फुटल्यावर छातीत जो दणका जाणवतो, साधारण तसला प्रकार, फक्त छोट्या जागेत आणि मोजूनमापून दिलेला.

सध्या रील्समध्ये 'ऑपरेशनशिवाय कार्पल टनेलमधून सुटका' अशा जाहिराती बऱ्याच दिसतात. मनगट दुखणारा प्रत्येक जण त्या एकदा तरी थांबून बघतो. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे मशिन कसं चालतं ते मोकळेपणाने लिहीन आणि उपचाराबद्दल जपून. घाई असेल तर उत्तर एवढंच: त्रास हलका ते मध्यम असेल, तर रात्रीच्या स्प्लिंटच्या जोडीला शॉकवेव्हने फायदा होऊ शकतो, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. नस खराब व्हायला लागली असेल, तर मात्र हिच्या भरवशावर महिने घालवू नयेत.

तुमचं दुखणं कार्पल टनेल आहे का?

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. खाली आणि बाजूंना मनगटाची छोटी हाडं, वर एक जाड, घट्ट पट्टा म्हणजे लिगामेंट. या बोगद्यातून बोटं वळवणारे ९ टेंडन जातात आणि त्यांच्यासोबत एक नस, मीडियन नर्व्ह. लोकलच्या डब्यात दहा जण दाटीवाटीने उभे असावेत आणि त्यातला एकच नाजूक असावा, तशी तिची अवस्था. आतले टेंडन किंवा त्यांच्यावरचं आवरण थोडं जरी सुजलं, तरी दाब या नसेवर येतो.

ही नस अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. म्हणून मुंग्या आणि बधिरपणा या साडेतीन बोटांत येतो. करंगळी सुटते. रात्री झोपेतून जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं, ही याची अगदी ओळखीची खूण.

आता तुमची बोटं तपासा. करंगळीत मुंग्या येत असतील तर ती दुसरी नस, अल्नर नर्व्ह. ती बहुतेक वेळा कोपराशी दबते, कोपर दुमडून तासन्‌तास फोन कानाला किंवा डोळ्यांसमोर धरला की जास्तच. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल आणि मुंग्या नसतील, तर तो डी क्वेरवेन नावाचा टेंडनचा त्रास असू शकतो. सतत अंगठ्याने स्क्रोल आणि टाइप करणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. मुंग्या मानेपासून खाली हातात उतरत असतील तर मूळ मानेत असू शकतं. यातलं काहीही असेल तर मनगटाच्या बोगद्यावर कितीही लाटा सोडल्या तरी पैसे वाया.

खात्रीसाठी डॉक्टर नर्व्ह कंडक्शन स्टडी सांगतात. नसेला एका ठिकाणी बारीक करंट द्यायचा आणि सिग्नल पुढे किती वेळात पोचतो ते मोजायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर पिंग टेस्ट. बोगद्यात नस दबली असेल तर नेमकं तिथे सिग्नल रेंगाळतो. गंमत म्हणजे विजेचा खरा शॉक बसतो तो या तपासणीत, शॉकवेव्हमध्ये नाही.

आणि हो, लॅपटॉपला सरसकट दोष देऊ नका. डेन्मार्कमध्ये सुमारे ७,००० कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात कीबोर्डमुळे कार्पल टनेलचा मोठा धोका दिसला नाही. माऊसचा खूप तास वापर करणाऱ्यांत काही संबंध दिसला, पण तोही मर्यादितच. याउलट हाताला सतत हादरे देणारी अवजारं आणि जोर लावून केलेली पकड यांचा संबंध जास्त पक्का आहे. मधुमेह, थायरॉइड कमी असणं, संधिवात आणि गरोदरपण यांचाही. कमी वयात दोन्ही हातांना त्रास होत असेल तर शुगर आणि थायरॉइड तपासायचं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

मुतखड्यापासून मनगटापर्यंत

हे तंत्रज्ञान आलं विमानांच्या कंपनीतून. जर्मनीची डॉर्निए कंपनी अतिवेगवान विमानांवर पावसाचे थेंब आदळल्यावर काय नुकसान होतं याचा अभ्यास करत होती. अशा आदळण्यातून तयार होणारी लाट घन वस्तूच्या आत शिरते आणि आतून तडे पाडते, हे लक्षात आलं. मग डोकं चाललं: शरीर बहुतांशी पाण्यासारखं आहे, लाट त्यातून सहज जाईल, पण कडक खड्यावर आदळली की खडा फुटेल. फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला पहिल्या रुग्णाचा मुतखडा असा बाहेरून फोडला गेला. आपल्याकडेही घरातल्या एखाद्या काकांनी 'मशिनने खडा फोडला' असं सांगितलेलं असतं. त्यातलं पोट न उघडता बाहेरून केलेलं काम बहुतेक हेच.

पुढे कमी ताकदीच्या लाटा टेंडन आणि हाडांच्या दुखण्यावर वापरून बघितल्या गेल्या. २००० साली अमेरिकेच्या एफडीएने टाचदुखीसाठी अशा एका मशिनला मान्यता दिली आणि २००३ मध्ये टेनिस एल्बोसाठीही. कार्पल टनेल या रांगेत बराच नंतर आला.

इथे एक प्रश्न पडायला हवा. मुतखड्यात फोडायला खडा असतो. मनगटात काय फोडायचं? काहीच नाही. इथली कल्पना वेगळी आहे. पेशींना ठरावीक यांत्रिक धक्का बसला की त्या रासायनिक प्रतिसाद देतात, नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्यं सोडतात. त्यातून सूज कमी होते, रक्तपुरवठा सुधारतो, असा अंदाज आहे. उंदरांच्या नसांवरच्या प्रयोगांत नस भरून येण्याला मदत झाल्याचंही दिसलं आहे. पण माणसाच्या मनगटात यातलं नक्की काय घडतं हे सिद्ध झालेलं नाही. बोगदा रुंद होत नाही आणि लिगामेंट कापलं जात नाही, हे मात्र नक्की.

एकच नाव, दोन वेगळी मशिन

क्लिनिकच्या बोर्डवर नुसतं 'शॉकवेव्ह' लिहिलेलं असतं. आत दोनपैकी कुठलंही मशिन असू शकतं.

फोकस्ड मशिनमध्ये ठिणगी, विद्युतचुंबक किंवा पिझो क्रिस्टल वापरून लाट तयार होते आणि भिंगाने ऊन एका बिंदूवर आणावं तशी त्वचेखाली ठरावीक खोलीवर एकवटते. दाब काही नॅनोसेकंदांत वातावरणाच्या शेकडो पट चढतो आणि लगेच उतरतो. ही खरी शॉकवेव्ह.

रेडियल मशिन सरळ यंत्रशाळेतलं वाटतं. कॉम्प्रेसरच्या हवेने नळीतली एक छोटी गोळी पुढे फेकली जाते, ती टोकाच्या धातूवर आपटते आणि तो धक्का त्वचेतून आत पसरतो. दाब तुलनेने हळू चढतो. भौतिकशास्त्राच्या कडक व्याख्येत ही शॉकवेव्ह नाहीच, दाबलहर आहे. तिचा जोर त्वचेपाशी सर्वात जास्त आणि आत जाताना झपाट्याने कमी. मनगटात नस फार खोल नसते, त्यामुळे तिथे हे चालून जातं. म्हणूनच कार्पल टनेलच्या अभ्यासांत रेडियल मशिन बऱ्यापैकी दिसतं. ते तुलनेने स्वस्तही असतं, क्लिनिकमध्ये तेच जास्त भेटेल.

स्क्रीनवर '३ बार', '४ बार' असे आकडे दिसले तर तो दाब तुमच्या हातातला नव्हे. तो गोळी ढकलणाऱ्या हवेचा दाब. फोकस्ड मशिनचा आकडा वेगळ्या एककात, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किती ऊर्जा, असा असतो. त्यामुळे 'आमचं मशिन ४ वर चालतं, त्यांचं ०.१ वर' ही तुलना म्हणजे मेगापिक्सेलची मिलीॲम्पिअर-अवरशी तुलना. तरीही सेल्स पिचमध्ये ती ऐकायला मिळते. आमच्या ओळखीतल्या एकीला एका क्लिनिकने हेच सांगून दहा सेशनचं पॅकेज गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता.

अभ्यास काय म्हणतात?

तैवानमधल्या २०१६ च्या एका अभ्यासाची रचना मला आवडते, म्हणून तोच सांगतो. त्यात ३४ रुग्ण होते. सगळ्यांना रात्री स्प्लिंट दिलं. अर्ध्या मनगटांवर आठवड्यातून एकदा अशी तीन वेळा रेडियल शॉकवेव्ह दिली, उरलेल्यांवर तसंच मशिन धरून नुसतं नाटक. खोटा उपचार घेणाऱ्यांपेक्षा खऱ्या उपचारवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं आणि हा फरक तीनेक महिने दिसत राहिला. त्याआधी २०१३ मध्ये दक्षिण कोरियात शॉकवेव्हची तुलना स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी झाली. दुखणं दोन्ही गटांत उतरलं.

वाचायला छान आहे, पण आकडे बघा: ३४ रुग्ण. आपण एखादं फीचर ३४ युजर्सवर तपासून सगळ्यांना रिलीज करू का? अभ्यास लहान आहेत, पाठपुरावा काही महिन्यांचा आहे आणि प्रत्येकाच्या मशिनची सेटिंग्ज निराळी आहेत. शिवाय हे रुग्ण प्रामुख्याने हलक्या आणि मध्यम त्रासाचे होते. 'ऑपरेशन टळतं' हा जाहिरातीतला दावा या अभ्यासांतून निघत नाही.

थांबू नये अशा खुणा

बधिरपणा येऊन-जाऊन न राहता दिवसभर कायम असेल, हातातून कप किंवा फोन सुटायला लागला असेल, शर्टचं बटण लावता येत नसेल, किंवा अंगठ्याखालचा मांसल उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा सपाट दिसत असेल, तर थेट हाताच्या सर्जनकडे किंवा ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा. नस फार काळ दबून राहिली तर नंतर दाब काढूनही ती पूर्ण भरून येईलच असं नाही. शॉकवेव्हचा खरा धोका मला इथे वाटतो. मशिनने इजा होण्याची शक्यता कमी, 'अजून चार सेशन घेऊन बघू' म्हणत गेलेले सहा महिने महाग. ऑपरेशनमध्ये तो वरचा लिगामेंट कापून बोगदा मोकळा करतात. बहुतेक वेळा हात तेवढा बधिर करून होतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं.

सेशन घ्यायचंच ठरवलं तर

जेल लावून टोक मनगटावर टेकवतात (मध्ये हवा राहिली तर लाट त्वचेवरूनच परत फिरते, म्हणून जेल) आणि काही मिनिटं ठकठक चालते. वरच्या तैवानी अभ्यासात एका वेळी २,००० ठोके होते. थोडं दुखतं, नंतर लालसरपणा किंवा किंचित सूज येऊ शकते. गरोदर असाल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, त्या जागी गाठ असेल किंवा नुकतंच स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर आधीच सांगा.

पैसे भरण्याआधी विचारा: निदान कोणी केलं आणि नर्व्ह कंडक्शनचा रिपोर्ट कुठे आहे? मशिन फोकस्ड की रेडियल? तीन सेशननंतर फरक नसेल तर पुढे काय? शेवटच्या प्रश्नाला 'आणखी सेशन' एवढंच उत्तर आलं, तर मी तरी तिथून उठेन.

स्प्लिंट मात्र आजपासून सुरू करता येतं. रात्री मनगट दुमडून झोपलं की बोगद्यातला दाब वाढतो, म्हणून ते सरळ ठेवायचं. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांतली धातूची पट्टी मनगटाला मागे वाकवते, आणि मागे वाकवल्यानेही दाब वाढतोच. ती पट्टी बाहेर काढून हाताने सरळ करा आणि परत आत घाला.