गोधडी भिंतीवर जाते तेव्हा

चँडलरच्या हवेत गोधडीला काम थोडेच. उन्हाळ्यात पारा 110 अंशांच्या वर, आणि हिवाळा म्हणजे दोन-अडीच महिन्यांचा पाहुणा. तरीही देशातून येताना आपल्यापैकी अनेकांच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी एखादी गोधडी असतेच. काही वर्षे ती कपाटात राहते आणि मग एखाद्या दिवाळीच्या आवराआवरीत बैठकीच्या भिंतीवर चढते. तशी ती योग्य गावीच आलेली असते. पहिल्या महायुद्धाच्या काळात याच गावाच्या दक्षिणेला गुडइयर कंपनीने टायरमध्ये घालायच्या धाग्यासाठी लांब तंतूचा पिमा कापूस पिकवला होता.

घरी आलेले पाहुणे विचारतात, "कुणी केली?" आपण सांगतो, "आजीने." पुढे फारसे काही सांगता येत नाही. विकत घेतलेल्या चित्राच्या कोपऱ्यातली सही आपण निरखून पाहतो. गोधडीवर सही नसते. ती करणारी बाई कोणत्याही कलाशाळेत गेलेली नव्हती आणि तिचा सगळा माल म्हणजे टाकून द्यायचे कपडे. मग तिला कलावंत म्हणायचे की नाही?

आधी तिचे काम पाहू. उन्हाळ्यात शेतातली कामे हलकी झाली की जुनेराची गाठोडी सुटत. लुगडे विरले तरी त्याचे काठ टिकत, म्हणून काठ कडेला लागत. धोतराचे मऊ पदर आत जात, पोरांच्या सदऱ्यांचे आणि झंपरांचे तुकडे वर येत. अंगणात नाहीतर देवळाच्या फरशीवर थर पसरून धावदोरा घातला जाई. विरलेल्या कापडात स्वतःची ताकद उरलेली नसते; गोधडीला ताकद देतो तो टाका, म्हणून टाके जवळजवळ. लाल तुकड्याशेजारी कोणता ठेवायचा, हे मात्र गरज ठरवत नाही. तिथे बाईची नजर चालते. कोल्हापूरकडे हिलाच वाकळ म्हणतात, आणि बाळासाठी केले की ते दुपटे.

सीमेपलीकडे हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी समाजाच्या बायका अशाच गोधड्या करतात. त्यांना त्या कवंदी म्हणतात. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांतल्या बऱ्याच जणांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तुकड्यांची फुले लावतात. फुलांवाचून ती उघडी दिसते, असे त्या मानतात. फुलांनी ऊब वाढत नाही, तरी ती हवीतच. हेन्री ड्रेवाल या अमेरिकन अभ्यासकाने या कामाची दखल घेतल्यावर कवंदी अमेरिकेतल्या प्रदर्शनांतही टांगल्या गेल्या.

आता अमेरिकेकडे येऊ. अलाबामा नदीच्या एका वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथे पेटवे या मालकाच्या कापसाच्या मळ्यावर गुलाम असलेल्यांचे वंशज राहतात. मालकाचे आडनावच त्यांतल्या बहुतेकांना चिकटले. 1932 मध्ये एका सावकार व्यापाऱ्याच्या विधवेने कर्जापायी गावातली जनावरे, अवजारे, धान्य, सगळे उचलून नेले. लाकडी घरांच्या फटींतून वारा येई म्हणून भिंतींना वर्तमानपत्रे चिकटवलेली असत, आणि अंगावर घ्यायला जुन्या कपड्यांच्या गोधड्या.

1942 मध्ये तिथल्या मिझुरी पेटवे यांचा नवरा वारला. त्याचे शेतावरचे कपडे त्यांनी फाडले आणि त्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून झोपता यावे, एवढाच हेतू. गुडघ्यावर विटलेले निळे कापड, डाग, ठिगळे, सगळे तसेच ठेवले. आपल्याकडेही गेलेल्या माणसाचे धोतर गोधडीत जाते. कारण सांगावे लागत नाही.

1966 मध्ये त्या परिसरातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. 1972 मध्ये सिअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उश्यांच्या अभ्र्यांचे काम मिळाले, आणि उरलेल्या चिंध्या घरच्या गोधड्यांत गेल्या. पुढे 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात या गोधड्या भिंतीवर लागल्या. समीक्षकांना त्यांत आधुनिक अमूर्त चित्रकला दिसली. 2006 मध्ये टपाल खात्याने त्यांतल्या दहांची तिकिटे काढली.

भिंतीवर गेल्याने गोधडीत फरक पडला नाही, टाका तोच होता. फरक पडला तो शेजारच्या चिठ्ठीने. तिच्यावर करणारीचे नाव होते, साल होते, कापड कशाचे होते तेही होते. नाव लागल्यावर हक्काचा प्रश्नही आला. 2007 मध्ये काही जणींनी मोबदला आणि हक्क यांसाठी संग्राहकांवर दावे लावले. 2008 मध्ये तडजोड झाली. ज्या बाईला कुणी कलावंत मानतच नव्हते, तिच्या बाबतीत असा वाद तरी कसा उभा राहिला असता?

आपल्या घरच्या गोधडीजवळ अशी चिठ्ठी नाही. ती शिवणाऱ्या पिढीतल्या बायका आता थोड्या राहिल्या आहेत, आणि इथे वाढलेल्या मुलांना 'जुनेर' हा शब्दही माहीत नाही. तेव्हा पुढच्या फोनवर आईला किंवा मावशीला विचारून घ्यावे: कुणी शिवली, कोणत्या गावी, अंदाजे कोणत्या साली, कोणाकोणाचे कपडे त्यात आहेत? उत्तरे मांजरपाटाच्या पट्टीवर लिहून ती मागच्या बाजूला टाचावी. गोधडीला खिळे मारू नयेत. वरच्या कडेला मागून कापडाची नळी शिवून तिच्यातून दांडी घालावी, म्हणजे भार सारखा पडतो. आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर तर टांगूच नये. ॲरिझोनाचे ऊन दोन-चार वर्षांत काठांचा रंग खाऊन टाकील.

पट्टीवर नाव मात्र पूर्ण लिहावे. 'आजी' एवढेच लिहिले, तर पणतवंडांना ती कोणाची आजी हे कळायचे नाही.