‘सौभद्र’ची नोंद : संगीत नाटकांच्या कोशलेखनाची प्रस्तावना

मराठी कोशकारांनी संगीत नाटकाकडे पाठ फिरवली असे कोणी म्हणणार नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर १९२०च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे खंड काढत होते, तेव्हा बालगंधर्व ऐन भरात होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तेव्हा रात्र रात्र जागून संगीत नाटके पाहिलेली पिढी हयात होती. २००३ साली मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि कोशलेखनाचे दार सर्वांनाच उघडे झाले. तरीही एखाद्या अभिजात संगीत नाटकाची नोंद वाचायला घ्यावी, तर बहुधा एकच साचा दिसतो : नाटककाराचे नाव, पहिल्या प्रयोगाचे साल, परिच्छेदभर कथानक आणि शेवटी चार-सहा गाजलेल्या पदांची यादी. अशी नोंद चुकीची असतेच असे नाही. पण ती एका पुस्तकाची नोंद असते. प्रयोग तिच्यात नसतो आणि संगीत नावापुरते असते.

ही पुस्तिका ती उणीव भरून काढू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. त्यात नाट्यसंगीत शिकणारे विद्यार्थी आहेत, ऑर्गन-तबल्याची साथ करणारे आहेत, महाविद्यालयात मराठी किंवा संस्कृत शिकवणारे आहेत, गावच्या जत्रेतल्या नाटकात एकदा तरी नारदाची वीणा खांद्यावर घेतलेले हौशी नटही आहेत. या कामाला या सगळ्यांची गरज आहे, कारण संगीत नाटकाचे सगळे ज्ञान एका माणसाजवळ कधीच नसते. ज्याला चाल ठाऊक असते त्याला छापील आवृत्त्या ठाऊक नसतात; ज्याने वर्तमानपत्रांचे जुने अंक चाळले, त्याला देसकार आणि भूप यांतला फरक कानाने सांगता येईलच असे नाही. तुमच्याकडे यातले जे असेल, ते घेऊन या.

उदाहरणासाठी अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ निवडले आहे. ते सर्वांना परिचित आहे, आजही त्याचे प्रयोग होतात आणि कोशाच्या नोंदीत जे जे प्रश्न उभे राहू शकतात ते जवळजवळ सगळे या एका नाटकात सापडतात.

पहिल्या प्रयोगाची तारीखच घ्या. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी रंगमंचावर आले ते नाटकाचे पहिले तीन अंक. पूर्ण पाच अंकी नाटक प्रेक्षकांना पाहायला मिळाले ते त्यानंतर, १८८३ साली. किर्लोस्करांच्याच आधीच्या ‘शाकुंतला’चेही तसेच झाले होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात झालेला प्रयोग पहिल्या चार अंकांचा होता. तेव्हा ‘पहिला प्रयोग’ एवढेच लिहून थांबू नये. किती अंकांचा, कोणत्या मंडळीचा, हेही लिहावे. एरवी १८८२ आणि १८८३ ही दोन्ही साले वेगवेगळ्या पुस्तकांत दिसतात, नोंद लिहिणारा गोंधळतो आणि त्यातले एक चूक समजून खोडून टाकतो. खरे तर दोन्ही बरोबर असतात.

तारखेचा पुरावा कुठे शोधायचा, हेही काळ पाहून ठरवावे लागते. ‘केसरी’ जानेवारी १८८१ मध्ये सुरू झाला. म्हणजे ‘सौभद्र’ची दखल त्यात शोधता येईल, ‘शाकुंतला’च्या पहिल्या प्रयोगाची मात्र शोधून उपयोग नाही, कारण त्या वेळी हे पत्र निघालेलेच नव्हते. तिथे १८४९पासून निघणाऱ्या ‘ज्ञानप्रकाशा’सारख्या जुन्या पत्राकडे वळावे लागते. अशा साध्या कालगणनेने शोधाचे पुष्कळ कष्ट वाचतात.

‘पहिले’ हा दावा करताना तर फारच जपून राहावे. किर्लोस्कर हे मराठी संगीत नाटकाचे जनक, असे आपण सहज म्हणतो आणि त्या म्हणण्याला मोठा आधारही आहे. पण सोकर बापूजी त्रिलोकेकरांचे ‘नलदमयंती’ १८७९ सालचे, म्हणजे ‘शाकुंतला’च्या आधीचे. त्याच्याही आधी, १८४३ साली, सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले होते, आणि त्यातही पदे होतीच. ती प्रामुख्याने सूत्रधार म्हणत असे. त्याहून मागे गेलो तर तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात मराठीत लिहिलेली गेय नाटके भेटतात. किर्लोस्करांचे वेगळेपण याच रांगेत उभे करून दाखवावे. त्यांनी गाणे सूत्रधाराकडून काढून पात्रांच्या तोंडी दिले, गद्य संवाद आणि पद एकमेकांत गुंफले, आणि त्यासाठी गाणारे नट गोळा करून एक व्यावसायिक मंडळी उभी केली. असे लिहिल्याने किर्लोस्करांचा मोठेपणा रेसभरही कमी होत नाही. उलट तो नेमका कशात आहे, ते वाचकाला कळते.

कथानकाबद्दल नोंदींमध्ये सर्रास लिहिले जाते की ते महाभारतातले आहे. सुभद्राहरण आदिपर्वात येते, हे खरेच. पण बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला देऊ केली आहे आणि अर्जुन त्रिदंडी यतीच्या वेशात द्वारकेत येऊन राहिला आहे, ही नाटकाची जी मुख्य गाठ, ती भागवताच्या दशम स्कंधातल्या शहाऐंशीव्या अध्यायाशी जुळते. राक्षसाकडून झोपलेल्या सुभद्रेला पळवून नेणे, नारदाची ये-जा, रुक्मिणीचा रुसवा या धाग्यांचा माग आणखी वेगळ्या दिशांनी घ्यावा लागेल : लोकनाट्य, कीर्तन आणि किर्लोस्करांची स्वतःची प्रतिभा. हे काम संस्कृत जाणणाऱ्याने हाती घेतले तर नोंदीतल्या एका वाक्याचा पाया पक्का होईल, आणि नाटककाराने जुन्या कथेचे काय केले ते उघड होईल. बहिणीच्या लग्नाचा घोळ, थोरल्या भावाचा हट्ट, धाकट्याची युक्ती आणि सगळ्यांना अंधारात ठेवून जुळवून आणलेला शेवट. किर्लोस्करांनी पुराणातल्या यादवांना एकोणिसाव्या शतकातल्या मराठी घरात आणून बसवले आहे. ‘सौभद्र’ एवढी वर्षे टिकले त्याचे अर्धे श्रेय मी या घरगुतीपणाला देईन.

उरलेले अर्धे अर्थातच पदांना. इथे थोडे सविस्तर थांबले पाहिजे, कारण नोंदी सर्वांत जास्त दुबळ्या असतात त्या याच जागी.

संगीत नाटकाच्या छापील पुस्तकात प्रत्येक पदाच्या डोक्यावर एक बारीक ओळ असते. कधी तिथे राग आणि ताल असतो. कधी ‘चाल’ असे लिहून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे सुरुवातीचे शब्द दिलेले असतात. वाचताना ही ओळ आपण ओलांडून जातो. कोशकारासाठी मात्र पुस्तकातला सर्वांत मौल्यवान दस्तऐवज तोच आहे. किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. कानडी गाणे त्यांच्या कानावर लहानपणापासून पडलेले होते. त्यांच्या नाटकांतल्या चालींमध्ये कानडी पदे आहेत, कीर्तनातल्या चाली आहेत, लावणीचा ठसका आहे, बायकांच्या गाण्यांची वळणे आहेत, हिंदुस्थानी चिजा आहेत. शिवाय साकी, दिंडी, अंजनीगीत ही जुनी ओळखीची वृत्ते-जातीही आहेत. म्हणजे त्या ओळी एकत्र मांडल्या की १८८०च्या सुमारास महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवर वाढलेल्या एका माणसाच्या कानात काय काय साठले होते, त्याचा नकाशाच तयार होतो. एखाद्या नोंदीत पदांची अशी सारणी करावी : अंक, गाणारे पात्र, प्रसंग, छापलेली चाल, छापलेला राग-ताल, आणि कोणत्या आवृत्तीतून घेतले ते. आवृत्ती लिहायची, कारण प्रयोगाच्या सोयीने पदे गळत आणि भरही पडत असे. एवढी एक सारणी झाली तरी ‘कर्णमधुर पदे’ यासारखी विशेषणे नोंदीतून आपोआप गळून पडतील.

रागाचे नाव लिहिताना ते कोणाच्या गाण्यातले, हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. सुभद्रेची भूमिका गाजवणारे भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) यांच्या काळातले नाट्यगान आणि बालगंधर्वांच्या काळातले नाट्यगान यांत एका पिढीचे अंतर आहे. मधल्या काळात रंगभूमीच्या गाण्याची जातच बदलली. १९११च्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६च्या ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांनी, आणि ख्यालगायकीचा विस्तार नाटकात शिरला. पुढे जुनी पदेही त्याच अंगाने गायली जाऊ लागली. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान तिरखवाँसारखा तबलजी साथीला होता. लय बदलली, ठेहराव आला. तेव्हा ‘सौभद्र’मधल्या एखाद्या पदाचा राग म्हणून आज आपण जे सांगतो, ते १८८२ साली तसेच गायले जात असेल असे गृहीत धरणे धाडसाचे होईल. आणि साथीदारांची नावे! नोंदींमध्ये ती जवळजवळ कधीच नसतात. जाहिरातींत, आठवणींच्या पुस्तकांत, ध्वनिमुद्रिकांवर जिथे जिथे ती सापडतील तिथून उचलून नोंदीत घालावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

ध्वनिमुद्रिका हा मोठाच आधार आहे, पण तो कसा वापरायचा ते कळले पाहिजे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. रंगमंचावर तेच पद ‘वन्स मोअर’ घेत घेत कितीतरी लांबत असे. तबकडीतला गायक घाईत आहे, त्याने अंतरा आखडला आहे, तान मोजकी घेतली आहे. नोंदीत तबकडीचा उल्लेख करताना तो प्रयोगाचा पुरावा म्हणून करायचा की गायकाच्या एका मुद्रित आविष्काराचा, हे स्पष्ट असावे. छोटा गंधर्वांचा ‘सौभद्र’मधला कृष्ण ज्यांनी पाहिला, ते त्यांच्या एकेका पदाच्या मांडणीबद्दल जे बोलतात, त्यातला मोठा भाग कोणत्याही तबकडीवर सापडत नाही.

इथेच खरी अडचण येते. विकिपीडियासारख्या कोशाला प्रकाशित संदर्भ हवा असतो; गुरूने समोर बसवून सांगितलेली गोष्ट संदर्भ म्हणून चालत नाही. हा नियम योग्यच आहे, नाहीतर कोशात आणि ऐकीव गोष्टीत फरक राहणार नाही. पण संगीत नाटकाचे कितीतरी ज्ञान अजून तोंडीच आहे. यावर मला एकच मार्ग दिसतो : ते ज्ञान आधी प्रसिद्ध करा. एखाद्या जुन्या ऑर्गनवादकाची सविस्तर मुलाखत घेऊन ती नियतकालिकात छापून आणणे, हेही कोशाचेच काम आहे. मुलाखत छापली की ती संदर्भ होते, आणि मग दुसरा कोणीतरी तिच्या आधारे नोंद लिहितो.

छापील आठवणी आपल्याकडे भरपूर आहेत. गणपतराव बोडसांची ‘माझी भूमिका’ आणि चिंतामणराव कोल्हटकरांची ‘बहुरूपी’ ही दोन आत्मचरित्रे तर हाताशी असलीच पाहिजेत. नटमंडळींचा दिनक्रम, बिऱ्हाडे, कर्जे, तालमी, रुसवेफुगवे यांबद्दल त्यांच्याइतके जिवंत साधन दुसरे नाही. मात्र ही पुस्तके घटनांनंतर पुष्कळ वर्षांनी लिहिली गेली. स्वभावचित्रासाठी त्यांवर खुशाल विसंबावे. तारीख आणि आकडा असेल तिथे त्या वेळच्या वर्तमानपत्राचा किंवा जाहिरातीचा दुजोरा घ्यावा. डॉ. अशोक दा. रानडे यांनी रंगसंगीताचा जो शास्त्रशुद्ध विचार केला आहे, तो वाचल्याशिवाय संगीताच्या भागाला हात घालू नये, असेही मी सुचवीन.

हक्कांची बाजू ‘सौभद्र’पुरती सोपी आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. अण्णासाहेब २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांची संहिता केव्हाच सर्वांची झाली आहे. ती विकिस्रोतावर शुद्ध रूपात, आवृत्तीच्या नोंदीसह चढवता येते, आणि चढवावी. ध्वनिमुद्रणांचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांचा. तिथे प्रत्येक तबकडीचे साल पाहून मगच पाऊल टाकावे.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. आपल्या नोंदी पुण्या-मुंबईच्या मंडळींवर येऊन थांबतात. ‘सौभद्र’ जगवले ते मात्र त्यांनी एकट्यांनी नव्हे. गोव्यातल्या देवळांच्या उत्सवांत, कोकणातल्या जत्रांत, बेळगाव-धारवाडकडच्या मराठी वस्त्यांत हौशी मंडळ्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केले. जयराम आणि जयमाला शिलेदारांच्या ‘मराठी रंगभूमी’ने पडत्या काळात संगीत नाटके गावोगाव नेली. गोव्यात कला अकादमीच्या आणि महाराष्ट्रात राज्य शासनाच्या संगीत नाट्यस्पर्धांमुळे अजूनही नवी मुले ही पदे बसवतात. या प्रयोगांच्या पत्रिका, स्मरणिका, स्थानिक पत्रांतली परीक्षणे घरोघरच्या कपाटांत पडून आहेत. त्यांवर तारीख असते, ठिकाण असते, पात्रांची नावे असतात. नोंदीतला ‘प्रयोगांचा इतिहास’ हा भाग आज जिथे दोन वाक्यांत संपतो, तिथे या कागदांतून गावांची आणि सालांची खरी यादी उभी राहू शकेल.

पुढच्या प्रकरणांत संहितेच्या आवृत्त्या, पदांची सारणी, ध्वनिमुद्रणांचे वर्णन आणि वृत्तपत्रीय पुरावा यांवर क्रमाने लिहिले आहे. तो क्रम पाळलाच पाहिजे असे नाही. गाणाऱ्याने सारणीपासून सुरुवात करावी, वाचणाऱ्याने आवृत्त्यांपासून, आणि ज्याच्या घरात आजोबांच्या नाटकाची जुनी पत्रिका आहे, त्याने आधी तिची दोन्ही बाजूंनी स्वच्छ प्रत काढून ठेवावी. मागच्या बाजूला पुष्कळदा साथीदारांची नावे छापलेली असतात.